हळदीकुंकवाला कॅन्सरबद्दल बोलायचं आहे. काय बोलू, काय टाळू?

मोरपंखी (२ जानेवारी)

मंडळी, मदत हवी आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं वाईजवळ सासरच्या गावी राहतो. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे मोठं असतं, साठ-सत्तर बायका येतात. गेल्या वर्षी वाण म्हणून स्टीलच्या चाळण्या लुटल्या. यंदा डोक्यात वेगळंच घोळतंय.

त्याला कारण माझी चुलत जाऊ. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. मध्येच तिनं सोऱ्या खाली ठेवला, माझा चिकानं भरलेला हात धरला आणि ब्लाउजवरूनच डाव्या बाजूला नेऊन लावला. म्हणाली, "हरभऱ्याएवढी होती, आता लिंबाएवढी झालीय. पण दुखत नाही बघ अजिबात." कधीपासून, विचारलं तर म्हणे गेल्या गौरीपासून. आठ महिने! त्या आठ महिन्यांत तिनं पुतणीचं लग्न पार पाडलं, कांदा काढला, यात्रा केली. आणि गंमत म्हणावी की काय म्हणावं, स्तनाच्या कॅन्सरची लक्षणं सांगणारा एक फॉरवर्ड तिनंच मला कधीतरी पाठवलेला होता. आता परळला उपचार चालू आहेत. केमो झाली, ऑपरेशन झालं.

तर यंदा हळदीकुंकवात वीस मिनिटं मी बोलणार. प्रश्न असा की, लक्षणांची यादी वाचून दाखवली तर काय उपयोग? यादी तर तिच्या मोबाइलमध्येच होती. समोर सासू-सुना शेजारीशेजारी बसलेल्या असणार. घाबरवायचंही नाही. सासूबाईंनी (वय ८२) तर आधीच बजावलंय, "सणासुदीला तसलं नाव घरात काढू नगं."

तुम्ही काय बोलाल?

चहाटळ

वीस मिनिटं? आमच्याकडे तेवढा वेळ उखाणा आठवण्यातच जातो. उखाण्यातूनच सांगून टाका. (जोक अपार्ट, धागा चांगला आहे. वाखुसा, म्हणजे वाचनखूण साठवली.)

निरांजन

ताई, स्पष्ट बोलते, राग मानू नका. हेतू चांगला आहे, पण जागा चुकतेय असं वाटतं. बायका वर्षातून एकदा नटूनथटून येतात, काळ्या साड्या दाखवतात, हलव्याचे दागिने बघतात. तिथे गाठी आणि रक्तस्राव कशाला? महिला दिन आहे, ग्रामसभा आहे, आरोग्य शिबिरं होतात. तिथे बोला की.

आशाताई_२३

@निरांजन, शिबिराला कोण येतं ते मला विचारा. मी आशा सेविका आहे, बारा वर्षं झाली. शिबिराला पाहुण्यांचा सत्कार होतो आणि ज्यांना गरज नाही त्या येतात. गाठ असलेली बाई शिबिराच्या दिवशी हमखास माहेरी जाते.

तिशीवरच्या सगळ्यांचा एक फॉर्म आम्ही घरोघरी भरतो. तोंडात न भरणारी जखम आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का, स्तनात गाठ आहे का, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, असे प्रश्न असतात त्यात. प्रश्न बरोबर आहेत. पण मी ते विचारते कुठे? ओसरीवर. आत सासरे टीव्ही बघतायत, दारात दीर गाडी पुसतोय. ती बाई सगळ्याला "नाही" म्हणते आणि मी "नाही" लिहून घेते. नंतर पाण्याच्या टाकीपाशी एकटी गाठून सांगते, "ताई, तो तिसरा प्रश्न काय होता हो?"

म्हणून बायका बायकांत असतील अशी कुठलीही जागा चांगलीच. करा तुम्ही.

बाबूराव_बिनतोड

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची आकडेवारी काढून बघा. ३० ते ४९ वयाच्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या १.९ टक्के. स्तन ०.९, तोंड ०.९. म्हणजे मोरपंखीताईंच्या अंगणात सत्तर जणी बसल्या तर त्यात एखादीच निघायची. बाकी चालू द्या.

दाढदुखी

मी दंतवैद्य, सांगलीकडचा. (आयडीवरून कळलंच असेल.) माझ्या हद्दीतलं सांगतो.

तोंडाचा कॅन्सर ही अशी भानगड आहे की ती बघायला यंत्र लागत नाही. आरसा आणि उजेड पुरतो. ओठ उलटा, गाल बाहेर ओढा, जीभ वर करून खालची बाजू बघा, दोन्ही कडा बघा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, गालात किंवा गळ्याला गाठ, कारण नसताना हलणारा दात. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा वाईट. ह्यातलं बहुतेक काही सुरुवातीला दुखत नाही! दाढ दुखली की माणूस रात्री दोनला मला फोन करतो, चट्टा मात्र दोन वर्षं सांभाळतो.

दुसरं म्हणजे तीन बोटं. आपल्याच हाताची मधली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. सुपारी-गुटखावाल्यांची गालाची आतली कातडी हळूहळू दोरीसारखी कडक होते, तोंड उघडणं कमी होतं. मागे एक कॉलेजचा मुलगा आला होता. तक्रार काय, तर "पाणीपुरी तोंडात मावत नाही, अर्धी फोडून खावी लागते." मित्र चेष्टा करायचे. दोन वर्षं त्याला तिखटही सोसत नव्हतं, आई बिचारी भाजीत तिखट कमी घालत गेली. तोंड उघडायला लावलं तर जेमतेम दीड बोट. गुटखा नाही, फक्त "साधी सुपारी" खायचा. साधी सुपारी साधी नसते हो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सरकारक म्हणून २००४ मध्येच जाहीर केलेली आहे.

आणि ताई, तुमच्या भागात मिश्री. बायकांच्या कार्यक्रमात मिश्रीबद्दल बोलला नाहीत तर तुमची वीस मिनिटं फुकट. तव्यावर भाजली म्हणून ती तंबाखू राहत नाही असं बऱ्याच जणींना मनापासून वाटतं. "मी तंबाखू खात नाही, नुसते दात घासते." किती वेळा? "चार-पाच वेळा." इतके दात कोण घासतं!

चहाटळ

दाढदुखी साहेब, बायकोनं वाचलं आणि आत्ता मला तीन बोटं घालायला लावली. गेली. आता म्हणते, चौथं घालून बघ, एवढी बडबड करतोस तर जाईल.

टेम्सकाठचा

इकडचं सांगतो, तुलनेसाठी. मी इंग्लंडात वीस वर्षं आहे. २०१२ च्या सुमाराला टीव्हीवर, बसवर, सगळीकडे एकच वाक्य दिसायचं : तीन आठवडे खोकला येतोय? डॉक्टरला सांगा. बास. कॅन्सर किती प्रकारचा, किती लोक मरतात, काही नाही. एक लक्षण, एक मुदत, एक काम. मला ते फार पटलं. "खोकला" सगळ्यांनाच येतो, पण "तीन आठवडे" म्हटलं की माणूस कॅलेंडरकडे बघतो.

दुसरी गंमत. पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी इथे घरी पोस्टानं एक छोटी नळी येते. शौचाचा नमुना त्यात घालून परत पोस्टात टाकायचा, डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात कळतं. आई इकडे आली होती तेव्हा ते पाकीट आलं. काय आहे ते समजावून सांगितल्यावर दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, "आणि पोस्टमनला हे माहीत आहे?"

घाटावरचा

टेम्सकाठचा, तुमच्या नळीवर हसलो आणि मग हसू राहिलं नाही.

माझे वडील. शाळामास्तर, गावात मान. मूळव्याध आहे म्हणून दीड वर्ष चूर्ण घेत होते. गावातल्या डॉक्टरांनीही न तपासता मूळव्याधच म्हटलं, मलम दिलं. कोणी बोट घालून तपासलं नाही. वडिलांनी तपासू दिलं असतं का, हाही प्रश्नच आहे. आमचा संडास घरामागे. नंतर आई सांगायची की हे बाहेर आल्यावर आणखी दोन बादल्या पाणी ओतायचे. तिला वाटायचं वयामुळे सोवळंओवळं वाढलं. रक्त कोणाला दिसू नये म्हणून ते पाणी होतं.

मला कळलं ते कसं, तर दिवाळीला घरी गेलो आणि वडील चढ चढताना दोनदा थांबले. हिमोग्लोबिन केलं, सहा. एवढं रक्त जातंय कुठे म्हणून शोधलं तेव्हा मोठ्या आतड्यात सापडलं. तोवर यकृतात गेलेलं होतं.

मी स्वतः विज्ञान शिकवतो. शौचातून रक्त, सवय बदलणं, विनाकारण वजन उतरणं, थकवा, हे सगळं मला पाठ होतं. वडिलांचा पट्टा दोन भोकं आत गेलेला मी बघितला होता आणि "चांगलं झालं, पोट कमी केलंत" म्हणालो होतो.

मोरपंखीताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे. यादीचा उपयोग नाही. ज्याला दिसतं तो सांगत नाही आणि ज्याला सांगता येईल त्याला दिसत नाही.

निरांजन

घाटावरचा, काय लिहू कळत नाही. माझा वरचा प्रतिसाद जरा घाईचाच झाला.

डॉ_वैनगंगा

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, विदर्भात. दोन-तीन गोष्टी.

एक, भाषा. "योनीमार्गातून असामान्य रक्तस्राव" असं म्हणाल तर कोणीही मान हलवणार नाही. "अंगावरून जातं का" म्हणा. पांढरं जातं, लाल जातं, वास येतो. आणि बाई कधीच ह्या तक्रारीनं सुरुवात करत नाही. कंबर दुखते, अशक्तपणा आहे, हातपाय गळतात, असं दहा मिनिटं चालतं. उठून दारापर्यंत जाते, मुठीत पर्स घट्ट धरते आणि म्हणते, "डॉक्टर, अजून एक होतं..." ते अजून एक हेच खरं दुखणं. मी आता "आणखी काही?" हा प्रश्न त्या उभ्या राहिल्यावर विचारते.

दोन, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला तर तो पाळी परत आल्याचा नाही. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, अठ्ठावन्न वर्षांच्या, लाजत म्हणाल्या, "मी परत तरणी झाले की काय!" घरातल्या कोणीतरी ओटी भरायचीसुद्धा चेष्टा केली होती. असा एक डाग दिसला तरी तपासायचं. बरेचदा कारण साधंच निघतं, पण ते तपासल्यावर कळतं. तसंच संबंधानंतर रक्त जाणं. हे सासूसमोर बोलता येणार नाही ह्याची कल्पना आहे, पण बोललंच पाहिजे.

तीन, स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. हे आधी सांगा, म्हणजे बाई दाखवायला येईल. आणि मग सांगा की न दुखणारी गाठ जास्त संशयाची. त्वचेला संत्र्याच्या सालीसारखे खळगे, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, हेही सांगा. "दुखत नाही" ह्या दोन शब्दांनी जितक्या बायका मारल्या तितक्या...जाऊ दे.

शंकेखोर_अण्णा

सगळे भावनेच्या भरात आहेत, म्हणून थोडं पाणी ओततो.

पहिलं म्हणजे भीतीचा धंदा. आमच्या सोसायटीत मागे "संपूर्ण कॅन्सर तपासणी, एका रक्ताच्या थेंबात" असं पॅकेज विकायला पोरं आली होती. चार हजार. अर्ध्या बिल्डिंगनं केलं. एका काकूंचा कुठलासा मार्कर (रक्तातला कॅन्सरची खूण मानला जाणारा पदार्थ) थोडा वाढलेला निघाला, मग सोनोग्राफी, सीटी, दोन महिने झोप नाही, शेवटी काही नाही. जनजागृतीतून हीच दुकानं चालतात.

दुसरं, नुसत्या माहितीनं माणसं वाचतात हे सिद्ध कुठे झालंय? उलट मुंबईचं उदाहरण घ्या. झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर टाटा कॅन्सर रुग्णालयानं मोठा अभ्यास केला. अर्ध्या बायकांची दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची व्हिनेगर लावून तपासणी, अर्ध्यांना फक्त माहिती. बारा वर्षांनी हिशेब केला तेव्हा तपासणीवाल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी. म्हणजे ज्यांना नुसतं भाषण दिलं त्या मागे राहिल्या. ताई नुसतं भाषणच देणार आहेत.

डॉ_वैनगंगा

अण्णा, पहिल्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. ते मार्कर धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला नसतातच. आजार कळल्यावर उपचार लागू पडतोय का हे बघायला त्यांचा मुख्य उपयोग. पॅकेजवाल्यांना दारातूनच परत पाठवा.

दुसऱ्याबद्दल, आकडा बरोबर आहे, पण पूर्ण चित्र सांगा. ती तपासणी डॉक्टरांनी केलीच नव्हती. दहावी शिकलेल्या, त्याच वस्त्यांमधल्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून करून घेतली. व्हिनेगरचं पातळ द्रावण लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का बघायचं. लोणच्याला लागतो तेवढाच खर्च. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग २०२१ मध्ये आला. नुसत्या हातानं स्तन तपासून पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र फरक दिसला नाही, हेही सांगते, नाहीतर अण्णा सांगतील.

शंकेखोर_अण्णा

सांगणारच होतो. आणि माहितीवाल्या गटाला तपासणी का दिली नाही म्हणून त्या अभ्यासावर पुढे टीकाही झाली, ते तुम्ही सोडलंत.

डॉ_वैनगंगा

झाली, आणि ती गैर नव्हती.

कर्कसंक्रमण

अवांतर : माझी रास कर्क. लहानपणी "कर्करोग" वाचून आठवडाभर रडलो होतो. दोन्हीकडे खेकडाच आहे, ग्रीक लोकांनाही खेकडाच दिसला म्हणे. पण घरात कोणी कर्करोग म्हणत नाही, कॅन्सरही म्हणत नाही. "तो आजार", "गाठीचं दुखणं", "मोठं दुखणं".

वेंधळी_वहिनी

+१. आमच्या काकांच्या फाइलवर डॉक्टरनी इंग्रजीत "सीए" (कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर) लिहिलं होतं. आत्या सगळ्यांना सांगत होत्या, दादाचे पेपर आता सीएकडे गेलेत, टॅक्सचं काहीतरी असेल. घरात खरं माहीत असलेले तिघं होते, ते तिघंही गप्प. काकांना स्वतःला सगळ्यात आधी कळलेलं होतं हे आम्हाला नंतर समजलं.

बार्शीचा_पाव्हणा

अण्णांच्या "नुसत्या माहितीनं काय होतं" ह्यावर आमच्या गावचं सांगायलाच हवं.

बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यांसाठी अशी नोंदणी देशात पहिलीच. शहरात रुग्णालयांच्या वह्या बघून नोंद होते, पण बार्शी, परंडा, भूमच्या खेड्यातला माणूस रुग्णालयात पोचायच्या आधीच जायचा, मग वहीत येणार कुठून? म्हणून ह्यांची माणसं गावोगाव फिरायची. पारावर बसायची, सरपंच, मास्तर, दाई, सगळ्यांशी बोलायची. कोणाला अशी गाठ आहे का, कोणाच्या अंगावरून जातंय का, असं विचारत जायची. विचारता विचारता लक्षणं सांगून व्हायची. आणि संशय आला तर त्या माणसाला बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात आणायची सोयही तेच बघायचे. हे महत्त्वाचं. थोड्याच वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. त्यावर शोधनिबंध निघाला, १९९५ मध्ये. यंत्र नाही, तपासणी नाही, फक्त बोलणं आणि बरोबर नेणं.

माझी आजी त्यांना "खेकड्याची माणसं" म्हणायची. आली खेकड्याची माणसं, चहा टाका.

पुढे शेजारच्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. ज्या गावांत एचपीव्हीची (हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची) तपासणी एकदा, फक्त एकदाच केली, तिथे आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं. जगभरात आज ह्या तपासणीचा आग्रह धरतात त्यात आमच्या शेजारच्या मराठवाड्यातल्या बायकांचा वाटा आहे, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना हे ठाऊकही नसेल.

शंकेखोर_अण्णा

"बरोबर नेणं" हे मान्य. मग ताई, भाषणाआधी हे ठरवा : एखादी उठून म्हणाली "मला आहे", तर तिला कुठे, कुठल्या वारी, कोणाबरोबर पाठवणार? त्याचं उत्तर नसेल तर बोलू नका.

मोरपंखी

अण्णा, हा प्रतिसाद मी छापून फ्रिजवर लावलाय. खरंच. आजच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आले. स्त्रीरोगाच्या बाई कुठल्या वारी असतात, दाताचे डॉक्टर कधी, केसपेपर कुठे, सगळं लिहून आणलं. आमच्या आशाताईंशी बोलले. सोमवारी माझी गाडी जाणार, चार जणी बसतील. पुढे काही निघालंच तर जनआरोग्य योजनेत बसतं का, कागद कुठले लागतात, तेही विचारून ठेवलं.

गोंयकार

आमच्याकडे चवथीला माटोळीखाली (गणपतीवर फळाफुलांची चौकट टांगतात ती) बोलता येईल काय, विचार करतोय. पाठिंबा.

रानजाई

सगळं वाचलं, छान चाललंय, पण एक गोष्ट कोणाच्याच लक्षात कशी येत नाही? हळदीकुंकवाला बोलावता कोणाला? सवाष्णींना. डॉक्टरबाई वर म्हणतायत पन्नाशीच्या पुढे, पाळी गेल्यावर. गावात त्या वयाच्या किती बायका विधवा असतात? ज्यांना सगळ्यात जास्त सांगायला हवं त्या तर त्या दिवशी आतल्या खोलीत बसलेल्या असणार. माझी आई अशीच बसायची. आत तिळगूळ नेऊन द्यायचे तिला.

मोरपंखी

रानजाई, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं कळेना. आमचे सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. सासूबाई दर वर्षी त्या दिवशी आतच असतात. दार लोटून. मी बँकेत महिला दिनाची भाषणं करणारी बाई, आणि मला हे एकदाही दिसलं नाही.

यंदा "तिळगूळ समारंभ" म्हणून सगळ्यांना आवतण द्यायचं ठरवलंय. कोणाला आवडो न आवडो.

निरांजन

हे मात्र करा. आणि वाण काय देताय?

चहाटळ

आरसा लुटा! दाढदुखी म्हणाले ना, आरसा आणि उजेड पुरतो. छोटे आरसे. कोणाला वावगंही वाटायचं नाही, शृंगाराचीच वस्तू. आणि हा घ्या तुमचा उखाणा, फुकट :

तिळगुळाच्या ताटात काटेरी हलवा,
...रावांचं तोंड उघडेना, डॉक्टर बोलवा.

दाढदुखी

_/\_ हा दवाखान्यात लावतो.

बाबूराव_बिनतोड

आणि आम्ही पुरुषांनी काय करायचं? आम्हाला कोण आरसा देणार? लघवीतून न दुखता रक्त, तीन आठवडे बसलेला आवाज, गिळताना अडकणं, हे पारावर कोण सांगणार?

आशाताई_२३

बाबूराव, सलूनवाल्याला सांगा. आमच्या गावातल्या सलूनवाल्यानं दाढी करताना दोघांच्या गळ्याच्या गाठी ओळखून पाठवले. एकाची साधी निघाली, एकाला क्षयाची. कॅन्सर नव्हता, पण उपचार तर झाले. पुरुष बायकोचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही, गळ्यावर वस्तरा असला की ऐकतो.

मोरपंखी (१९ जानेवारी)

काल झाला कार्यक्रम. वृत्तांत देते, जरा विस्कळीत असेल.

सत्तर येतात तिथे त्रेपन्न आल्या. काही सवाष्णी "सगळ्यांना बोलावलंय" कळल्यावर आल्या नाहीत. पण ज्या कधीच येत नव्हत्या अशा सोळा-सतरा जणी आल्या. पांढरं कपाळ घेऊन भिंतीला टेकून बसल्या, पहिली दहा मिनिटं पायातलं जोडवं नसलेलं बोट पदरानं झाकत होत्या.

यादी वाचली नाही. जाऊबाई स्वतः आल्या, डोक्याला स्कार्फ बांधून. मी कुरडयांची गोष्ट सुरू केली आणि त्यांनी ती अर्ध्यातून माझ्या तोंडून काढून घेतली. म्हणाल्या, "मला वाटायचं दुखेल तवा बघू. दुखलंच नाही, काय करू!" बायका हसल्या, मग गप्प झाल्या. टेम्सकाठच्यांचं ऐकून मी एकच मुदत सांगितली : तीन आठवडे. फोड, चट्टा, खोकला, बसलेला आवाज. गाठ आणि पाळी गेल्यावरचा डाग ह्यांना मुदतच नाही, लगेच. डॉक्टरबाईंचं "अंगावरून" हेच शब्द वापरले. दोन सुना खाली बघत होत्या, पण उठून कोणी गेलं नाही.

उखाणा हिट झाला. चहाटळ, तुमचं नाव सांगितलं नाही, श्रेय मीच घेतलं.

बायका आरसे घेऊन गेल्या. चप्पल शोधण्याच्या निमित्तानं तिघी मागे राहिल्या. सोमवारी गाडीत तिघी आहेत.

चौथी जागा सासूबाईंची. रात्री सगळं आवरल्यावर त्यांनी आरसा मागून घेतला, ट्यूबखाली उभ्या राहिल्या, गाल बोटानं ओढला आणि म्हणाल्या, "ह्ये पांढरं कवापासनं हाय कुणास ठावं. मिश्री लावते त्या अंगाला." मी बघितलं. नखाएवढं आहे, खालच्या दाढांच्या बाजूला. दाढदुखी, काय असेल?

दाढदुखी

फोटोवरून किंवा वर्णनावरून सांगणार नाही. एक करा, स्वच्छ कापड बोटाला गुंडाळून हलकेच पुसून बघा. पुसून निघतं का?

मोरपंखी

बघितलं. निघत नाही.

दाढदुखी

मग सोमवारी दाताच्या डॉक्टरांना दाखवाच, आणि मिश्री आजपासून बंद. अशा पांढऱ्या चट्ट्यांपैकी बरेचसे पुढे काहीच करत नाहीत, पण कुठला करेल हे नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही. तुकडा काढून तपासायला सांगितलं तर नाही म्हणू नका. "सुरी लावली की पसरतो" असं गावात कोणीतरी सांगेलच, ते ऐकू नका.

मोरपंखी (२२ जानेवारी)

दाखवलं. जिल्ह्याला पाठवलं, तिथे काल तुकडा घेतला, दोन टाके. अहवाल आठ-दहा दिवसांनी. "सुरी लावली की पसरतो" हे एसटी स्टँडवरच एकानं सांगितलं. मिश्रीचा डबा अजून फळीवरच आहे, रिकामा आहे असं त्या म्हणतात. बाकी तिघींपैकी दोघींचं साधं निघालं, तिसरीला पुन्हा बोलावलंय.

नवखी_पालवी

सगळे प्रतिसाद वाचले नाहीत अजून. आमच्या सोसायटीत रथसप्तमीला आहे, ते आरसे कुठून घेतले आणि काय भाव पडला सांगाल का?

मोरपंखी

पुण्याला, रविवार पेठेत बोहरी आळीतून. डझनावर मिळतात, घासाघीस करा. सासूबाई म्हणतात मोठे घ्या, ह्यात सगळं तोंड दिसत नाही.